कुंभारीच्या माळावरची घरं

सोलापूरची गोदुताई परुळेकर वसाहत आणि तिच्या पाठोपाठ उभं राहिलेलं रे नगर ही दोन्ही शहराबाहेरच्या कुंभारी गावाच्या माळावर आहेत. पहिली दहा हजार घरांची, विडी कामगार बायांची. २००६ साली तिच्या चाव्या पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. दुसरी तीस हजार घरांची; त्यांतल्या पंधरा हजारांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान मोदींनी दिला. दोन्हींमागे माजी आमदार नरसय्या आडम यांची चळवळ. तरीही पहिलीचं यश हा दुसरीच्या यशाचा पुरावा मानता येत नाही, कारण दोन्हींतल्या माणसांचं काम वेगळं आहे.

विडी हा घरबसल्याचा धंदा. बाई पान-तंबाखू घेऊन येते, घरात विड्या वळते आणि तयार माल नेऊन देते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. तिचं घर हाच तिचा कारखाना. असं काम शहराबाहेर हलवलं तरी फारसं अडत नाही. रे नगरात मात्र विडीवाल्यांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, चालकही आले. माग आहेत शहरात, त्यातही मुख्यतः पूर्व भागात. फेरीवाल्याचं गिऱ्हाईकही तिकडेच. त्यांना रोज जायचं, रोज परतायचं.

शहरात एवढी जागा गरिबाला परवडली नसती, हा आक्षेप खराच आहे. भाड्याच्या खोलीपेक्षा मालकीचं घर केव्हाही मोलाचं, हेही मान्य. पण केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख हे अनुदान भिंतींसाठी असतं. रोजच्या तिकिटाचा भार त्यात धरलेला नसतो. वस्ती वाढली की सोयी आपोआप येतात, असं काहीजण म्हणतात. दुकानं, पिठाच्या गिरण्या, खासगी शिकवण्या येतात, कारण त्यांत कुणाचा तरी नफा असतो. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचवणारी बस तशी उगवत नाही. शिवाय कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यात तीस हजार कुटुंबांचं पाणी, कचरा आणि सांडपाणी कसं बसावं? उजनी धरणाचं पाणी मिळत असूनही खुद्द शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. म्हणून रे नगरच्या उरलेल्या घरांच्या चाव्या देताना बसच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आणि पाण्याची जबाबदारी कुणाची, हे दोन कागद ताबापत्रालाच जोडायला हवेत.