सोफी ब्राहे : एका ज्योतिर्विदाची बहीण

टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाच्या वेधांवरून केप्लरने ग्रहगतीचे नियम बसविले, हे सर्वश्रुत आहे. त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी असलेली बहीण सोफी मात्र सहसा कोणाच्या कानी पडलेली नसते.

ब्राहे आणि बिले, सोफीचे पितृकुल व मातृकुल, ही दोन्ही घराणी डेन्मार्कच्या दरबारातील मोठी मानकरी. तलवार आणि जहागीर सांभाळावी, ग्रंथांत डोके खुपसणे कुलीनांचे काम नव्हे, अशी तेथील समजूत. टायकोलाही हा विरोध चुकला नाही. मग मुलीची काय कथा! तरीही ८ डिसेंबर १५७३ च्या चंद्रग्रहणाचे वेध घेताना ही कोवळ्या वयाची मुलगी भावाच्या मदतीला उभी होती. रसायन व बागकाम टायकोने तिला हौसेने शिकविले, पण फलज्योतिष स्त्रीच्या बुद्धीला पेलणार नाही असे त्याचे मत. सोफीने जर्मन ग्रंथ मिळविले, लॅटिन ग्रंथांची भाषांतरे स्वखर्चाने करवून घेतली आणि ते शास्त्र आत्मसात केले. पुढे त्यानेच तिच्या जिद्दीची मुक्तकंठाने वाखाणणी केली.

१५८८ मध्ये पती ओटो थॉट वारला. मुलगा टाये लहान. त्याच्या वतीने एरिक्सहोल्मची जहागीर सोफीने चालविली, तेथे नामांकित बाग फुलविली, औषधेही सिद्ध केली. ह्वेन बेटावर टायकोच्या वेधशाळेत तिचे वारंवार जाणे होई. तेथेच तिची एरिक लांगेशी गाठ पडली. हा उमराव सोने करण्याच्या नादी लागलेला किमयागार! त्या नादात त्याची मालमत्ता धुऊन निघाली आणि सावकारांना चुकवीत तो जर्मनीत भटकू लागला. वाग्दान १५९० मध्ये झाले, विवाहाला १६०२ साल उजाडले. तोवर टायको निवर्तला होता; भावंडांत या संबंधाला पाठिंबा देणारा काय तो तोच. विवाहसमयी वधूच्या पायांत फाटके मोजे होते आणि वराचे कपडे सोहळ्यानंतर सावकाराकडे परत धाडावे लागले, असे तिने बहीण मार्ग्रेटे हिला कळविले आहे. त्याच पत्रात माहेरच्यांनी केलेल्या आर्थिक कोंडीविषयीचा संतापही आहे.

लांगे १६१३ मध्ये प्राग येथे मरण पावला. सोफी पुढे हेल्सिंगोर येथे राहिली आणि डेन्मार्कच्या सरदार घराण्यांच्या वंशावळी जुळविण्याच्या कामाला लागली. कोणाची कन्या कोणत्या घरी पडली, कोणती शाखा खुंटली, हे सारे तिने टिपून ठेवले. ज्या नातलगांनी तिला दूर लोटले, त्यांचीही नावे त्यात यथास्थित आली! १६२६ च्या सुमारास सिद्ध झालेली ही सुमारे नऊशे पृष्ठांची हस्तलिखित पोथी डॅनिश कुलेतिहासाचे मोठे साधन ठरली असून ती स्वीडनमधील लुंड विद्यापीठात जतन केलेली आहे.

१६४३ मध्ये सोफीने देह ठेवला. तिला मूठमाती मिळाली ती टोर्लोसा या खेड्यात, थॉट कुटुंबाच्या दफनस्थानी. तो मुलूख तेव्हा डेन्मार्कचा होता. १६५८ च्या तहाने तो स्वीडनकडे गेला.