दाईम्योंच्या दारी : कागोशिमातला दगडी कारखाना

सेकिगाहाराच्या रणातून शत्रूची फळी फोडून निसटलेल्या शिमाझू योशिहिरोपाशी आपण गेल्या आठवड्यात थांबलो होतो. आज अडीचशे वर्षं ओलांडून त्याच घराण्याच्या संग्रहालयात जायचं आहे. जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिणेला कागोशिमा शहर आहे. तिथे सेंगान-एन या शिमाझूंच्या बागेला लागूनच ‘शोको शुसेइकान’ उभं आहे. समोर खाडी आणि पलीकडे धुमसता साकुराजिमा ज्वालामुखी.

दाईम्योचं, म्हणजे सरदारघराण्याचं संग्रहालय म्हटलं की आपण चिलखतं आणि तलवारी बघायला जातो. इथे मात्र आत शिरण्याआधी इमारतीभोवती एक फेरी मारावी. जाड दगडी भिंतींची ही वास्तू १८६५मध्ये यंत्रशाळा म्हणून उभी राहिली, १९२३मध्ये तिचं संग्रहालय झालं आणि २०१५मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिचा ढंग युरोपी, पण पाया जपानी देवळांसारखा गोलसर घडवलेला. कारण पाथरवट इथलेच होते.

परकं वारं या घराण्याला नवं नव्हतं. गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या अंजिरो या कागोशिमाकराला सोबत घेऊन फ्रान्सिस झेवियर १५४९मध्ये इथेच उतरला होता. शिमाझू ताकाहिसाने त्याला धर्मप्रसाराची मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी काढूनही घेतली.

याच घराण्यातल्या, १८५१मध्ये गादीवर आलेल्या नारिआकिराला अफूच्या युद्धात चीनची झालेली दैना ठाऊक होती. त्याने तोफा ओतायची भट्टी बांधायला घेतली, ती एका डच ग्रंथाच्या आधारावर. तशी भट्टी त्याच्या माणसांनी युरोपात जाऊन पाहिलेली नव्हती. उष्णता सोसणाऱ्या विटा सात्सुमाच्या, म्हणजे शिमाझूंच्या संस्थानातल्या, कुंभारांनी भाजल्या. पहिली भट्टी फसली, तरी काम थांबलं नाही. १८५७मध्ये त्याच्याच माणसांनी काढलेलं त्याचं छायाचित्र या संग्रहालयाच्या ठेव्यात आहे. जपानी हातांनी टिपलेलं, आज उपलब्ध असलेलं ते सर्वांत जुनं छायाचित्र.

नारिआकिराच्या कारखान्यांत रंगीत थर कोरून घडवलेली सात्सुमाची काच पाहताना मन हरखतं. पण या कारखान्यांमागचा पैसा विसरता येत नाही. नारिआकिराच्या आधीच्या पिढीत या संस्थानावर ५० लाख र्‍यो कर्ज होतं. कारभाऱ्याने सावकारांवर बिनव्याजी २५० वर्षांचे हप्ते लादले आणि अमामी बेटांतल्या साखरेची मक्तेदारी आवळली. बेटकऱ्यांना सक्तीने ऊस लावावा लागला आणि साखर ओसाकात विकून संस्थानाची तिजोरी भरली. नारिआकिराच्या दूरदृष्टीचं कौतुक मीही करतो, पण अमामीच्या शेतकऱ्याला त्यात वाटा द्यायलाच हवा.

ऑगस्ट १८६३मध्ये ब्रिटिश आरमाराच्या माऱ्यात पहिले कारखाने जळाले. शिमाझूंनी दोन वर्षांत ही दगडी यंत्रशाळा बांधली आणि परदेशप्रवासाला बंदी असताना १९ जणांना गुपचूप ब्रिटनला धाडलं. १८६७मध्ये ओल्डहॅमची यंत्रं आणून जपानची पहिली पाश्चात्त्य धर्तीची सूतगिरणी इथेच सुरू झाली. तिच्या इंग्रज तंत्रज्ञांसाठी बांधलेलं घर जवळच आहे. पुढच्या आठवड्यात तिथे जाऊ.