पत्र दोघांचं, संमती एकाचीच

१ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेलची घोषणा केली, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. तारीख तशीच होती आणि देऊ केलेला आकडाही. त्या काळी हॉटमेल दोन मेगाबाइट जागा फुकट द्यायचं, याहू चार. जागा संपली की जुने मेल पुसत बसायचं, हा सगळ्यांचाच नित्याचा उद्योग होता. जीमेल देणार होतं एक गिगाबाइट, म्हणजे हॉटमेलच्या जवळपास पाचशे पट. आता काही पुसायची गरजच नव्हती. फक्त मेलच्या शेजारी जाहिराती दिसणार होत्या, आणि त्या कोणत्या हे मेलमधल्या मजकुरावरून ठरणार होतं.

आठवडा उलटायच्या आत विरोध सुरू झाला. ६ एप्रिलला ३१ संघटनांनी गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांना खुलं पत्र लिहून ही सेवा तूर्त थांबवा, अशी मागणी केली. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर लिझ फिगेरोआ यांनी विधेयक मांडलं. ते सिनेटमध्ये संमतही झालं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. लोक तोवर जीमेलचं निमंत्रण मिळवण्यासाठी ओळखीपाळखी काढत होते.

गुगलचं म्हणणं एकच होतं आणि ते खरंही होतं: तुमचे मेल कुणी माणूस वाचत नाही. मेलचा मजकूर यंत्राने तपासणं ही गोष्ट जीमेलच्या आधीपासून चालत आलेली होती. नको असलेले मेल, म्हणजे स्पॅम, ओळखायचे तर दुसरा इलाज नाही. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एका लेखात त्याची सोपी पद्धत मांडली होती. आधी स्पॅम आणि चांगले मेल असे दोन ढीग करायचे. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं. नवा मेल आला की त्यातल्या ठळक शब्दांवरून तो स्पॅम असण्याची शक्यता काढायची. व्हायरस शोधायला, किंवा ‘विजेचं बिल’ असं टाइप करताच जुना मेल समोर यायला, मजकूर यंत्राच्या नजरेखालून जावाच लागतो.

जाहिरातींसाठी याच वाटेवर आणखी एक टप्पा जोडला गेला. मेलमधले महत्त्वाचे शब्द आणि विषय यंत्र वेचून काढी. त्या शब्दांसाठी जाहिरातदारांनी आधीच बोली लावलेली असे, आणि त्यातून निवडलेल्या जाहिराती पडद्याच्या उजव्या कडेला झळकत. गोव्याच्या सहलीबद्दल मित्राला लिहिलं की हॉटेलांची जाहिरात, असा हा हिशेब.

तो चुकायचाही. जीमेल येण्याच्या आदल्या वर्षी हेच तंत्र वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर वापरलं जात होतं. न्यूयॉर्क पोस्टच्या संकेतस्थळावर एका खुनाची बातमी होती. मृतदेहाचे तुकडे सुटकेसमध्ये भरल्याचा त्यात उल्लेख होता, आणि यंत्राने शेजारी सुटकेसचीच जाहिरात लावली. अशा प्रसंगांनंतर संवेदनशील विषयांसाठी गाळण्या बसवल्या गेल्या. पुढे जीमेलच्या काही चौकस वापरकर्त्यांच्या ध्यानात आलं, की मेलमध्ये मृत्यू, आत्महत्या असे शब्द असले तर जाहिराती दिसेनाशा होतात. म्हणजे घरात कुणी गेल्याचा मेल आला आहे, एवढं यंत्राला समजत होतं. माणूस वाचत नाही हे ऐकून अनेकांना जो दिलासा वाटला, तो इथे अपुरा पडतो. कुणाच्या डोळ्यांनी मजकूर वाचला यापेक्षा, वाचून काढलेला निष्कर्ष कुणाच्या कामी आला, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

त्याहून अवघड प्रश्न पाठवणाऱ्याचा. समजा, एक बहीण आपल्या ऑफिसच्या पत्त्यावरून भावाला लिहिते: बाबांचे रिपोर्ट आले, डॉक्टर केमो सुरू करा म्हणतात. भावाचं खातं जीमेलवर आहे. खातं उघडताना त्याने अटी मान्य केल्या आहेत, निदान बटण तरी दाबलं आहे. बहिणीने काहीच मान्य केलेलं नाही. बाबांना तर यातलं काही ठाऊकही नाही. तरी तो मजकूर जाहिरातीच्या यंत्रणेतून गेला. पत्र दोघांचं, विषय तिसऱ्याचा आणि संमती एकाचीच.

अमेरिकेत गुगलवर झालेल्या खटल्यांत हाच मुद्दा ऐरणीवर आला. न्यायालयातल्या नोंदींनुसार, सुरुवातीला ही छाननी वापरकर्ता ब्राउझरमध्ये मेल उघडी तेव्हा होत असे. आयफोन किंवा आउटलुकमधून वाचलेले मेल त्यातून सुटत. २०१० मध्ये ही यंत्रणा मेल पोहोचवण्याच्या वाटेवरच आणून बसवली गेली. परिणामी पत्र ज्याच्या नावे आलं त्याच्या हाती पडण्याआधीच त्याची छाननी होऊ लागली. अमेरिकेच्या कायद्यात दुसऱ्यांचं संभाषण वाटेत अडवून ऐकणं हा गुन्हा आहे. हे तेच नव्हे का, असा फिर्यादींचा सवाल होता.

गुगलच्या वकिलांनी २०१३ मध्ये युक्तिवाद केला, की व्यवसायातल्या सहकाऱ्याला पत्र पाठवलं आणि ते त्याच्या साहाय्यकाने उघडलं, तर पाठवणाऱ्याला नवल वाटायचं कारण नाही. हा दाखला वरवर पटतो. पण साहाय्यकाला पगार पत्र घेणारा देतो, तो त्याचं काम करतो. इथे पत्र उघडणाऱ्याची कमाई जाहिरातदारांकडून येत होती. न्यायाधीश ल्युसी को यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये, जाहिरातींसाठी मेल वाचणं हा मेलसेवेच्या नेहमीच्या कामकाजाचा भाग आहे, हा बचाव त्या टप्प्यावर मान्य केला नाही. मात्र सगळ्या वापरकर्त्यांच्या वतीने एकत्र खटला चालवण्याची परवानगी २०१४ मध्ये नाकारली गेली. कुणाला छाननीची कल्पना होती आणि कुणाला नव्हती, हे माणसागणिक वेगळं निघणार होतं. २०१५ मध्ये जीमेल न वापरणाऱ्यांच्या वतीने वेगळा खटला दाखल झाला. त्यातली पहिली तडजोड को यांनी मार्च २०१७ मध्ये परत पाठवली.

२३ जून २०१७ रोजी गुगलने जाहीर केलं, की जाहिराती ठरवण्यासाठी जीमेलचा मजकूर यापुढे वापरला जाणार नाही. तेव्हा जीमेलचे वापरकर्ते १२० कोटींवर होते. जाहिराती मात्र राहिल्या. शोध, यूट्यूब आणि इतर वापरातून कंपनीला माणसाची आवडनिवड एव्हाना इतकी कळली होती, की पत्रं चाळण्याची निकड उरली नसावी.

बाकीचं जग थांबलं नाही. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिलं, की याहू मेलची मालक कंपनी २० कोटींहून अधिक इनबॉक्स जाहिरातदारांसाठी चाळत होती. त्याआधी २०१७ मध्ये ‘अनरोल मी’चं प्रकरण बाहेर आलं होतं. नको असलेल्या जाहिरातींच्या मेलांतून तुमची सुटका करतो, असं सांगून ही सेवा इनबॉक्सची किल्ली मागून घ्यायची. मग तिथल्या खरेदीच्या पावत्या तिच्या मूळ कंपनीकडे जायच्या आणि त्यांतून काढलेली माहिती बाजारात विकली जायची. उबरला आपली स्पर्धक कंपनी लिफ्टचा धंदा कसा चालला आहे, याचा अंदाज अशाच पावत्यांमधून मिळत होता. वापरकर्त्यांची दिशाभूल केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये या सेवेवर कारवाई केली.

पावती ही या धंद्यातली सर्वांत मोलाची चीज, कारण तिच्यात अंदाजाला जागाच नसते. रेल्वेच्या तिकिटाचा साधा मेल उघडून पाहावा. पीएनआर, गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे, प्रत्येक प्रवाशाचं नाव आणि वय. दिवाळीत कोण कुठे असणार आणि बरोबर कोण, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. औषधांच्या दुकानाची पावती याहून जास्त बोलते.

मेल वाचल्याची खबर पाठवणाऱ्याला देणारी आणखी एक युक्ती आहे. जाहिरातीच्या मेलात एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असं पारदर्शक चित्र दडवलेलं असतं. प्रत्येक वाचकासाठी त्याचा पत्ता वेगळा. मेल उघडला की ते चित्र दूरच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि कुणी, केव्हा, साधारण कुठून मेल उघडला याची तिथे नोंद होते. २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे वाचणाऱ्याचं ठिकाण झाकलं जातं. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये असंच संरक्षण दिलं. चित्रं आपोआप उघडू नयेत, अशी सोय सेटिंगमध्ये आहे आणि ती वापरावी. जीमेलला जोडलेली बाहेरची ॲप कोणती, ही यादीही गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात दिसते. फुकट पीडीएफ बनवून देणारं किंवा इनबॉक्स आवरून देणारं एखादं ॲप तिथे वर्षानुवर्षं परवानगी बाळगून बसलेलं असू शकतं.

भारतात ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे, ही मोठी गोष्ट. संमती स्पष्ट आणि ठरावीक कामापुरतीच घ्यावी, असंही कायदा म्हणतो. त्याच्या व्याख्येप्रमाणे माहिती ज्याच्याविषयी आहे तो माणूस हक्कदार. मग भावाच्या इनबॉक्समध्ये पडलेल्या रिपोर्टाचे हक्कदार बाबाही ठरतात. पण त्यांचं तिथे खातं नाही. त्यांच्यापुढे अटींचा मजकूर कधी आला नाही, की मान्य-अमान्यचं बटणही आलं नाही. मेलसेवेने त्यांची संमती मागायची कशी, याचं उत्तर आता कंपन्यांना आणि नव्या डेटा संरक्षण मंडळाला शोधावं लागेल.