अठ्ठावन्न कट्ट्यांचा हिशेब

सकाळी साडेनऊ. शटर वर केलं की पहिलं काम फडक्याचं. डिसेंबरात गोंदियातल्या राइस मिल जोरात असतात आणि धानाचा बारीक भुसा रात्रीतून काउंटरवर पिवळसर थर धरतो. तोच भुसा लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये जातो, पंखे जाम करतो, आणि माझं घर चालतं. म्हणून त्याला शिव्या देत नाही. अगरबत्ती लावतो, स्टॅबिलायझरचा काटा बघतो. आज 240 च्या वर. बरं चाललंय.

दहा वाजता नागपूरहून पार्सल. सीताबर्डीच्या व्यापाऱ्याने रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर भाव पाठवले होते, तरी बिल बघून पोटात गोळा आलाच. सोळा जीबीची रॅम दिवाळीआधी घेतली होती त्याच्या दुपटीच्या पुढे. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कारखाने तिकडे वळलेत, मायक्रॉनने तर 'क्रुशल' नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम विकणंच बंद करत असल्याचं डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. अमेरिकेतल्या कोणाच्या तरी सर्व्हरपायी आमगावच्या पोराचा कॉम्प्युटर महाग होतो. हे गिऱ्हाइकाला समजावताना मलाच खोटं वाटतं.

अकराच्या सुमाराला दोन विंडोज, एक प्रिंटर. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ला मिळणारी मदत थांबल्यापासून जुनी मशीन घेऊन येणारे वाढलेत. सांगण्यासारखं काही नाही.

साडेबारा. गोरेगाव तालुक्यातून बापलेक आले. बापाच्या खांद्यावर गमछा, हातात आधारभूत धान खरेदी केंद्राच्या पावतीची घडी. पोरगा बारावीचा, नजर सरळ भिंतीवरच्या पोस्टरवर.

"भाऊ, पोरगं चार महिन्यांपासून एकच म्हणून राहिलं, पीएस 5 पाहिजे. किती लागते?"

पीएस म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन, गेम खेळायचा डबा. तो मी ठेवत नाही. नफा नावापुरता, आणि डबा बंद पडला तर गिऱ्हाईक माझ्याच नावाने बोंबलतं. पण किंमत तोंडपाठ आहे. स्लिम मॉडेल एप्रिल 2024 मध्ये आलं ते डिस्कवालं 54,990 आणि बिनडिस्कचं 44,990 ला. पहिला पीएस 5 आपल्याकडे 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा डिस्कवाला 49,990 होता. वस्तू जुनी झाली की स्वस्त होते हा आपला अनुभव. हिची किंमत मात्र पाच हजारांनी चढली.

काकाजींनी पावती उघडली. 2025-26 च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369. मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. डिस्कवाल्याला तेवीस क्विंटल आणि वर थोडं. चाळीस किलोच्या कट्ट्याने अठ्ठावन्न कट्टे. एकरी पंधरा क्विंटल धरला तर दीड एकराचं पीक, खर्च न वजा करता.

"अठ्ठावन्न कट्टे," ते पोराकडे बघून म्हणाले. पोरगं पोस्टरच बघत राहिलं.

आता धंद्याच्या दृष्टीने मी काय बोलायला हवं ते मला कळतं. कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, पीएस नाही. पण खरं सांगायचं तर निव्वळ खेळायचं असेल तर पंचावन्न हजारांत पीएस 5 च्या तोडीचा कॉम्प्युटर मला बांधता येत नाही. कागद ओढला आणि लिहून दाखवलं: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड. एकटं कार्डच तीस हजारांच्या घरात. साठ हजार इथेच ओलांडले. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस खाली वेगळे लिहिले. सोनी एकच चिप लाखोंच्या संख्येने बनवून घेते, मी एक-एक डबी नागपूरहून मागवतो. शिवाय तिची मोठी कमाई डब्यात नाही, पुढे आहे. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तशातला प्रकार.

"म्हणजे?"

"म्हणजे काकाजी, पीएस 5 आला तेव्हा सोनीचा मोठा नवा गेम 4,999 ला होता. मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक विकतच्या गेमांना पीएस प्लसचे पैसे वेगळे. कॉम्प्युटरवर ते पैसे नाहीत. स्टीमवर सेल लागतो, एपिकवाले अधूनमधून फुकट देतात. मे 2020 मध्ये जीटीए 5 फुकट वाटला होता त्यांनी."

इथे पोरगं पहिल्यांदा बोललं. "पण जीटीए 6 कॉम्प्युटरवर येतच नाही ना."

बरोबर होतं त्याचं. जाहीर झालेली तारीख 19 नोव्हेंबर 2026, आणि ती पीएस 5 आणि एक्सबॉक्सची. कॉम्प्युटरची तारीखच नाही. या एका गेमने माझी किती गिऱ्हाइकं फिरवलीत!

मग मी विचारलं, "घरी वायफाय आहे का?" नाही. मोबाइलचा दिवसाला दोन जीबीचा पॅक. मोठा गेम आता शंभर जीबीच्या पुढे जातो. म्हणजे नुसता उतरवायला पन्नास दिवस, घरात बाकी कोणी फोनला हात न लावता. म्हणून घ्यायचाच तर डिस्कवाला घ्या, म्हटलं. डिस्क मित्राशी अदलाबदल करता येते, खेळून झाली की विकता येते. अपडेटचं ओझं तरी राहतंच, पण निदान अर्धी गाडी घरी पोचलेली असते.

आणि तिसरी वाट सांगितली, जी मी खेड्यातल्या बहुतेकांना सांगतो. आत्ता कार्ड घेऊच नका. रायझन 5600जी घ्या, त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट आरामात चालतो, प्रोजेक्ट होतात, सातबारा निघतो, उद्या इंजिनिअरिंगला लागला तर तेच मशीन. उन्हाळी धान निघाला की कार्ड. (जाणकार म्हणतील, पुढे कार्डच लावायचं तर साधा 5600 बरा, जीची कॅश निम्मी. खरं आहे. पण जाणकारांच्या हातात धानाची पावती नसते.) घर जसं खोली-खोलीने बांधतात तसा कॉम्प्युटर घेता येतो. पीएस अख्खा घ्यावा लागतो, हप्त्याने घेतला तरी अख्खाच.

काकाजींनी कागदाची घडी पावतीत घातली. "विचार करून सांगतो." दीडची बस होती.

दोन ते चार. डबा खाल्ला. दोन कॅबिनेट मागच्या ओट्यावर नेऊन ब्लोअर मारला. एकातून इतका भुसा निघाला की सूप भरलं असतं.

सव्वाचारला लाइट गेली. हा माझा रोजचा प्रयोग. काउंटरवर गेमिंग कॉम्प्युटर 600 व्हीएच्या यूपीएसवर चालू होता, ग्राहकाला हीच जोडी हवी होती. यूपीएसने एक चीत्कार केला आणि दोघेही गपगार. 600 व्हीए म्हणजे जेमतेम 360 वॅट. खेळताना कार्ड तापलं की मशीन आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज खातात. निदान एक केव्हीए पाहिजे, म्हणजे आणखी खर्च. पीएस 5 दोनशे वॅटच्या आसपास खातो, टीव्ही धरून साध्या यूपीएसवर दोन-चार मिनिटं तग धरतो, नीट बंद करण्यापुरती. मध्येच मेला तर पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो. बिलाचं म्हणाल तर रोज दोन तासांचे महिन्याला पीएसचे बारा युनिट, कॉम्प्युटरचे एकवीस. नऊ युनिटांवरून भांडणारे बाप मी पाहिलेत, आणि पोरं मुकाट ऐकतात.

साडेपाच. गेमिंग पार्लरवाला दोस्त चार कंट्रोलर पिशवीत घेऊन आला. सगळ्यांचं एकच दुखणं: काठीला हात न लावता खेळाडू आपोआप डावीकडे चालतो. एकाचे स्क्रू काढले. काठीच्या बुडाशी दोन चिमुकले पोटेन्शिओमीटर असतात, त्यांची आतली पट्टी झिजते. अख्खं मॉड्यूल बदलायचं तर चौदा डाग सोडवायचे. फ्लक्स लावला, तांब्याच्या तारांची वीक ठेवली, एकेक डाग गरम करून शिसं ओढून घेतलं. तेरा सुटले. चौदावा ग्राउंडच्या पट्टीला, सगळी उष्णता पिऊन टाकतो. तिथे घाई केली की बोर्डाची कातडीच निघते. पाऊण तास लागला. नवा कंट्रोलर पाच-सहा हजारांचा, मी चारशे घेतो.

दोस्त पार्लरमध्ये तासाला पन्नास रुपये घेतो. चार तास भरले तरी डब्याचे पैसे निघायला पावणेतीनशे दिवस, भाडं-लाइट सोडून. तरी म्हणतो, "कॉम्प्युटर नको बाबा. पोरं त्यात काहीबाही टाकतात. पीएसमध्ये डिस्क टाकली, फुटबॉल सुरू." धंद्याला त्याचं बरोबर आहे.

सात. एक जण जुनं ग्राफिक्स कार्ड विकायला. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं माइनिंग बंद पडलं, तेव्हापासून असली रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात फिरतात. पंखा बोटाने फिरवला, खरखरला. परत दिलं.

नऊ. गल्ला मोजून शटर अर्ध्यावर आणलं तेवढ्यात फोन. गोरेगावचे काकाजी.

"भाऊ, त्या पीएसला टीव्ही लागते ना? आमच्या टीव्हीच्या मागं ती पिन लावायचं भोक एकच आहे. त्याच्यात डिश लागली आहे."

"डिश काढायची काकाजी, खेळून झालं की परत लावायची."

पलीकडे थोडा वेळ फक्त मालिकेचा आवाज येत होता.

"संध्याकाळी सात ते दहा पोराची आई पाहते," ते हळूच म्हणाले. "तिला विचारतो अन् सांगतो."