वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता : ताम्रपटांची साक्ष

प्रस्तावना :
राजघराण्यांतील विवाहसंबंध हे प्राचीन काळापासून राजनीतीचे एक साधन राहिले आहे. अशा विवाहाने परमुलखात आलेल्या राजकन्येचे नाव बहुधा पती वा पुत्राच्या वंशावळीत एका शब्दापुरतेच उरते. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता ही याला अपवाद होय. तिने स्वतः दिलेले ताम्रपट उपलब्ध असून त्यांपैकी एक भंडारा जिल्ह्यातील मिरेगाव येथे मिळाला आहे.

विवाह व राज्यकारभार :
प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त व नागकुलातील कुबेरनागा यांची कन्या. इ. स. च्या चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा विवाह वाकाटकांच्या नंदिवर्धन शाखेतील दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील आजचे नगरधन. पश्चिम क्षत्रपांविरुद्धच्या संघर्षात चंद्रगुप्तास वाकाटकांचे साहाय्य हवे होते, असे अनेक इतिहासकार मानतात. रुद्रसेनाचा अकाली मृत्यू झाला. पुत्र लहान असल्याने युवराज दिवाकरसेनाची माता या नात्याने तिने किमान १३ वर्षे राज्यकारभार पाहिला.

ताम्रपटांतील उल्लेख :
तेराव्या वर्षी दिलेल्या पुणे ताम्रपटाचा प्रारंभ वाकाटकांच्या नव्हे, तर गुप्तांच्या वंशावळीने होतो. पतीचे गोत्र विष्णुवृद्ध असताना ती स्वतःचे गोत्र ‘धारण’, म्हणजे माहेरचेच, सांगते. पुढे पुत्र दुसरा प्रवरसेन गादीवर आल्यावरही तिचा दानाधिकार टिकून होता. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूरचा ताम्रपट त्याच्या १९ व्या, तर मिरेगावचा २० व्या राज्यवर्षातील आहे. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाची, शंखचिन्हांकित मातीची मुद्राही मिळाली. शंख हे विष्णूचे चिन्ह असून तिच्या विष्णुभक्तीशी ते सुसंगत आहे.

विवेचन :
या पुराव्यांवरून काही अभ्यासकांनी तिच्या काळात वाकाटक राज्य गुप्तांच्या अंकित झाले होते, असे अनुमान केले. तथापि तिच्या नंतरच्या ताम्रपटांत कालगणना पुत्राच्या राज्यवर्षांची आहे, गुप्त संवताची नाही. प्रवरसेनाच्या स्वतःच्या ताम्रपटांत वाकाटक वंशावळ पूर्ववत आढळते. मातामह देवगुप्त, म्हणजेच दुसरा चंद्रगुप्त, याचा उल्लेख त्यात मातेच्या ओघाने येतो. प्रवरसेन स्वतः शिवभक्त होता, हेही येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
प्रभावतीगुप्तेने माहेरच्या कुलाचा अभिमान सोडला नाही. परंतु सासरचे राज्य माहेरास जोडलेही नाही. पित्याच्या कीर्तीचा आधार घेऊन तिने पुत्रांचा वारसा राखला. केवळ ‘चंद्रगुप्ताची कन्या’ किंवा ‘प्रवरसेनाची माता’ असे न पाहता, विदर्भाची एक कर्तृत्ववान शासक म्हणून तिचे मूल्यमापन होणे आवश्यक ठरते.