जळालेली जुनी मोटार घ्यावी काय?

आगींतून वांचलेली जुनी मोटार स्वस्तांत मिळते म्हटल्यावर शौकिनाचें मन पाघळतें. पण तिच्यापायीं संसाराची शिल्लक जाण्याचा संभव असल्यानें प्रथम वितळलेल्या धातूंची साक्ष घ्यावी. जस्त ४१९ अंश सेंटिग्रेडला वितळतें, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. एकाच जागीं जस्ताचें ओतकाम ओघळलें व ॲल्युमिनियम शाबूत राहिलें, तर आंच मध्यम होती असें समजावें.

जर्मन फोक्सवागेन बीटलचें इंजिन पाठीमागें असतें. पेट्रोलची जीर्ण नळी गळली कीं आग बहुधा तेथेंच लागते. इंजिनाचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें. तें पेटलें म्हणजे पाण्यानें अधिकच भडकतें! तथापि हें इंजिन चार बोल्टांवर जोडलेलें असल्यानें दुसरें बसवितां येतें, आणि २००३ सालापर्यंत मेक्सिकोंत ही गाडी निघत असल्यामुळें सुटे भाग दुर्मिळ नाहींत. खरी भीति निराळी. छपराचा पत्रा लहरला, किंवा चाकांना तोलणाऱ्या पिळाच्या पोलादी दांड्यांचें पाणी उतरलें, तर कारागिराची मजुरी गाडीच्या किमतीवर जाते. विजेच्या तारा सर्व नव्याच घालाव्या. मागच्या आसनाखालीं कोरलेला क्रमांक कागदांशीं जुळत नसेल, तर विक्रेत्यास नमस्कार करून परतावें.