रग्बीचा खेळ आणि तालमीतली शरीरसाधना

मुलाने किंवा मुलीने घरी येऊन “मी रग्बी खेळणार” असे सांगितले, तर सुदामा नगरातल्या बहुतेक घरांत आईचा पहिला प्रश्न एकच असेल, “हातपाय मोडून घ्यायचा हा कसला खेळ?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचित नाही. या खेळात अंगाला अंग भिडते, धावत्या गड्याला मिठी घालून खाली पाडावे लागते, आणि दुखापतींचा मोठा वाटा या धरपकडीतूनच येतो. परंतु भीतीला उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत. मुलांना मैदानापासून दूर ठेवणे हा एक. मैदानावर धाडण्यापूर्वी त्यांचे शरीर त्या कामासाठी घडवणे हा दुसरा. स्मरणिकेच्या निमित्ताने दुसऱ्या मार्गाचा विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम खेळ समजून घेऊ. मूळ रग्बीत प्रत्येक बाजूस १५ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटे चालतो. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही; तो मागे अथवा आडवा साथीदाराकडे द्यायचा आणि धावत पुढे सरकायचे. याचाच आटोपशीर प्रकार सात-सात जणांचा. त्यात ७-७ मिनिटांचे दोन डाव असतात, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून या प्रकाराला ऑलिंपिकमध्ये स्थान आहे. १४ मिनिटे ऐकायला थोडी वाटतात. परंतु मैदान पूर्ण आकाराचे आणि खेळाडू निम्म्याहून कमी, शिवाय स्पर्धेत एकाच दिवशी दोन-तीन सामने. धावणे, भिडणे, पडणे, उठणे आणि पुन्हा धावणे हा त्याचा क्रम. आपल्या कबड्डीतली चढाई व पकड ज्याने पाहिली आहे, त्याला हा खेळ अगदीच परका वाटणार नाही.

आपल्या देशालाही तो नवा नव्हे. कलकत्त्यात १८७३ साली स्थापन झालेला रग्बीचा क्लब थोड्याच वर्षांत बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात ज्यासाठी सामना होतो, तो ‘कलकत्ता कप’ हाच. अलीकडचे उदाहरण अधिक अभिमानाचे आहे. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिला संघाने सिंगापूरला २१-१९ असे नमवून पंधरा जणींच्या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. संघाच्या कर्णधार पुण्याच्या वाहबिज भरुचा या व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे सांधे व स्नायू यांच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या. शरीराची किंमत जाणणारी व्यक्तीही हा खेळ खेळते, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

आता शरीर घडवायचे म्हणजे नेमके काय करायचे? पुष्कळ तरुण येथेच चुकतात. आरशात दंड फुगलेला दिसला की बळ आले असे त्यांना वाटते. रग्बीला लागणारे बळ मुख्यतः पाय, नितंब, पाठ, पोट व मान यांत असते. समोरच्याला रेटायचे ते पायांच्या जोराने. दंड केवळ धरून ठेवतो.

सुदैवाने आपल्या तालमीत या साधनेचा पाया तयार आहे. जोर काढताना खांदे, छाती व पोट एकाच वेळी कामाला लागतात. बैठकांनी मांड्या व गुडघे कसतात. मुद्गल फिरवल्याने खांद्याचा सांधा मोकळा राहतो व पकड घट्ट होते. मल्लखांबाने तर पकड, पोट व तोल ही तिन्ही साधतात. मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, तो उगाच नव्हे.

तथापि तालमीचा व्यायाम पुरेसा आहे असे मानू नये. शेकडो बैठकांनी स्नायू चिवट होतो, पण त्याचे कमाल बळ फारसे वाढत नाही. ते वाढते जड भार थोड्या वेळा उचलल्याने. ज्या वजनाने ५-६ वेळांहून अधिक उठबस नीट होणार नाही, अशा वजनाच्या ३-४ फेऱ्या आणि मध्ये दोन-तीन मिनिटे विसावा, ही जाणत्या खेळाडूची रीत. नवशिक्याने मात्र रिकाम्या दांड्यापासून आरंभ करावा आणि ढब पक्की झाल्यावरच वजन वाढवावे. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते हा समज खरा नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेला हा व्यायाम मुलामुलींना सारखाच हितकर आहे.

दुसरी भर मांडीच्या मागच्या स्नायूची. वेगाने धावताना लचकतो तो हाच. गुडघ्यांवर उभे राहावे, साथीदाराने घोटे दाबून धरावे आणि धड ताठ ठेवून सावकाश पुढे झुकावे. आरंभी ४-५ वेळा पुरे. तिसरी भर मानेची. स्वतःचा तळहात कपाळाला, मग मागे, मग दोन्ही बाजूंना लावून मानेने त्याला रेटावे, पण मान हलू देऊ नये. प्रत्येक वेळी दहा आकडे मोजावेत.

दमाचाही असाच विचार करावा. नुसते लांब पळून रग्बीचा दम येत नाही. ३० मीटर पूर्ण वेगाने धावावे, पालथे पडून झटकन उठावे, चालत परत यावे; असे सहा वेळा झाल्यावर तीन मिनिटे थांबून दुसरी फेरी करावी. धरपकड मात्र प्रथम गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि शेवटी धावत शिकवावी. पाडताना आपले डोके समोरच्याच्या पुढे आडवे न येता त्याच्या बाजूला, मागे राहिले पाहिजे, हा धडा कोणत्याही वजनापेक्षा मोलाचा.

या तयारीचा उपयोग किती, याचा पुरावाही आहे. जागतिक रग्बी संघटनेने ‘ॲक्टिव्हेट’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम पुरस्कारला असून त्यात तोल, उडी मारून नीट उतरणे, दिशा बदलणे व मानेचे बळ यांवर भर आहे. इंग्लंडमधील १४ ते १८ वर्षांच्या शाळकरी मुलांवर त्याची पारख झाली व तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वा अधिक वेळा तो नेमाने करणाऱ्या संघांत सामन्यातील दुखापती ७२ टक्क्यांनी आणि मेंदूला हादरा बसण्याचे प्रकार ५९ टक्क्यांनी कमी आढळले. यातला ‘नेमाने’ हा शब्द महत्त्वाचा.

तरीही डोक्याला मार लागलाच, तर तोंडावर पाणी मारून “जा, खेळ” म्हणण्याची जुनी रीत सोडलीच पाहिजे. गोंधळ, मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे यांपैकी काहीही दिसले की त्या दिवशी पुन्हा मैदान नाही; पुढचे डॉक्टरांच्या सल्ल्याने.

राहता राहिले अन्न व विश्रांती. कसून मेहनत करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या मुलीला सुमारे ९५ ग्रॅम. आपले इंदुरी पोहे-जलेबी सोडण्याचे कारण नाही, पण सोबत दूध, उसळ, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी हवीत. आठवड्यातून तीन दिवस बळाचे, दोन दिवस धावण्याचे आणि निदान एक दिवस पूर्ण विसाव्याचा असावा. स्नायू वाढतो तो व्यायामानंतरच्या झोपेत, हे विसरू नये.

आईच्या प्रश्नाला उत्तर देताना “काही होत नाही” असे कोणी म्हणू नये, होऊ शकते. तिला सांगावे की, आठ-दहा आठवडे नेमाने तयारी झाल्यावाचून मुलगी सामन्यात उतरणार नाही. हा शब्द ज्यांना पाळता येईल, त्यांनीच तिच्या हाती चेंडू द्यावा.